पाठीची पट्टी

ताईच्या प्रबंधाचा गठ्ठा बुधवारी दुपारी दोन वाजता दुकानात आला. थोरलीने तो हातात घेतला आणि देव असावा असं तिला दहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं.

थोरली आणि धाकटी या मावसबहिणी. वयात अंतर अकरा महिन्यांचं, पण सगळं घर त्यांना थोरली-धाकटीच म्हणायचं. दोघी एकाच वर्षी, एकाच विमानाने परदेशात शिकायला आल्या. थोरलीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, संख्याशास्त्राचा. धाकटीचा एका वर्षाचा, अन्नप्रक्रियेचा. विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, एकविसावा तास म्हणजे गुन्हा. सोबतच्या पोरी भांडी घासायला, दुकानांत फळ्या भरायला गेल्या. थोरली मात्र विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत एका बाइंडिंगच्या दुकानात शिरली, कारण तिचे वडील बाइंडर. कोर्टाची दप्तरं आणि कॉलेजच्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं बांधून त्यांनी घर चालवलं, आणि मुलीला आठवीपासून फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवायला बसवलं. दुकानाचा म्हातारा मालक तिला कामाला घ्यायला का कू करत होता. तिने सुई उचलली, दोऱ्याला मेण लावलं आणि तीन मिनिटांत एक वही शिवून त्याच्यासमोर ठेवली. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दाराआडच्या फळ्यावर तिचं नाव लिहिलं. तेव्हापासून ती त्याला मास्तर म्हणायची. रोज संध्याकाळी मास्तर स्वतः त्या फळ्यावर खडूने तिचे तास मांडायचे. वीस झाले की खाली जाड रेघ.

आता ताई. ताई म्हणजे या दोघींच्याच गावच्या प्राचार्यांची मुलगी. धाकटीचे वडील त्याच प्राचार्यांच्या कॉलेजात, ऑफिसात कारकून. त्यामुळे दोघी निघाल्या तेव्हा दोन्ही घरांत एकच पालुपद होतं, ताई आहे ना तिथे, मग काय काळजी. ताई तिथे होती हे खरं. सहा वर्षं डॉक्टरेट करत होती, बियांवर. कोणत्या हवेत कोणती बी किती फुगते, असं काहीतरी. तिने आपल्या फ्लॅटमधली मागची खोली दोघींना दिली आणि आठवड्याभरातच धाकटीला कामाला जुंपलं. रोज संध्याकाळी धाकटी ताईच्या लॅपटॉपसमोर बसायची आणि बियांच्या फोटोंवरून लांबी-रुंदी मोजून कागदावर लिहायची. फुकट, अर्थातच. ताईला नाही कसं म्हणायचं? प्रत्येक कागदावर वरच्या कडेला मोजणाऱ्याचं नाव, तारीख आणि सही हवी असा ताईचा दंडक होता. शास्त्राची शिस्त म्हणे. धाकटीने नऊ महिन्यांत अशा कागदांची चळत लावली.

उन्हाळा आला. पुढचे पैसे घरून मागायचे नाहीत असं धाकटीने मनाशी ठरवलं होतं. तिने ताईला विचारलं, सुट्टीत जास्त तास केले तर चालतं का? ताई म्हणाली, सुट्टी लागली, हवे तेवढे कर, कोण बघतंय. ताईच्या अभ्यासक्रमाला ते लागू होतं. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला उन्हाळ्याची सुट्टीच नसते, प्रकल्पाचे ते तीन महिने शिक्षणातच धरले जातात, हे ना ताईने तपासलं ना धाकटीने. थोरलीनेही नाही, आणि ही गोष्ट ती स्वतःला आजतागायत ऐकवत आली. पण ताईने सांगितलं म्हणजे झालं, असं त्या घरात होतं. धाकटी सॅलडच्या डब्यांना झाकणं लावायच्या कारखान्यात आठवड्याला अडतीस तास उभी राहू लागली, आणि एका संध्याकाळी ताईला म्हणाली की आता बिया मोजणं जमणार नाही, पाय सुजतात.

बारा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. चौकशीच्या टेबलावर धाकटीपुढे एक फोटो ठेवला, कारखान्याच्या पाळ्यांच्या तक्त्याचा. तक्ता फ्रिजवर लावलेला, वर गावाहून आणलेलं आंब्याच्या आकाराचं चुंबक, आणि कोपऱ्यात हळदीने माखलेल्या अंगठ्याचा ठसा. तो अंगठा धाकटीचाच. त्या स्वयंपाकघरात तीनच माणसं वावरत होती. तक्रार कुणी केली हे कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. त्या संध्याकाळी धाकटी ओट्याला टेकून रडत असताना ताई चहा ढवळत म्हणाली, "काय करणार गं, नियम म्हणजे नियम."

तेरा दिवसांत धाकटी परत गेली. प्रकल्पाचे दोनच महिने उरले होते.

गावात काय व्हायचं ते झालं. मुलगी मध्येच परत आली म्हणजे काहीतरी प्रकरण असणार, कुणी म्हणे नापास झाली, कुणी म्हणे त्याहून वाईट. जमत आलेलं एक स्थळ गप्प बसलं. आणि धाकटी फोनवर म्हणाली, आईला यातलं काही सांगू नकोस, तिला सोसायचं नाही, शपथ आहे. थोरलीने शपथ पाळली. ताईचं घर सोडलं, दुसरीकडे खोली घेतली, आणि रोज सकाळी दात घासताना, रोज बस पकडताना, रोज दोऱ्याला मेण लावताना ताईला शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण एकही दिवस खाडा नाही. निघताना कपाटातली ती मोजमापांची चळत तिने उचलली होती. ताईने आकडे कधीच संगणकात चढवले होते, कागद रद्दीत जाणार होते. थोरली त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. धाकटीच्या हाताचे कागद पिशवीत असले की तिला बरं वाटायचं.

तर अशी ताई बुधवारी दुकानात आली, कडेवर पोर घ्यावं तसा गठ्ठा घेऊन.

"अगं, तू अजून इथेच का?" थोरलीला पाहून ती गोड हसली आणि मास्तरांकडे वळली. चार प्रती, शिवलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या, पाठीवर सोनेरी अक्षरं, विद्यापीठाचा तसा हुकूमच होता. शुक्रवारी दुपारी चारला परीक्षा विभाग बंद होतो, त्याच्या आत चारही प्रती टेबलावर हव्यात. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. प्रती पोहोचल्या नाहीत तर नाव कमी, आणि नाव कमी झालं की त्याच दिवशी व्हिसा संपला. हे सगळं ताई हसत हसत बोलली, ज्यांचं कधी काही अडलेलं नसतं अशी माणसं बोलतात तशी. मास्तर म्हणाले, शुक्रवारी अकराला घेऊन जा. मास्तरांचा उजवा हात त्या वेळी प्लास्टरमध्ये होता, पायरीवरून घसरले होते. डाव्या हाताने ते कव्हरं दाबू शकत, अक्षरं उमटवू शकत. शिवणं थोरलीकडे.

ताई गेल्यावर थोरलीने पानं जुळवायला घेतली आणि ऋणनिर्देशाच्या पानावर थांबली. आई, बाबा, मार्गदर्शक, विभाग, ग्रंथपाल, शेजारणीची मांजर. मांजरसुद्धा होती. धाकटी नव्हती. पुढे चाळलं तर तिसऱ्या प्रकरणात वाक्य होतं की अकरा हजार बियांची सर्व मोजमापं लेखिकेने स्वतः घेतली. पानं उलटी लावावी, एक फर्मा गाळावा, मधे एक कोरं पान घुसवावं, असलं काय काय तिच्या मनात आलं. पण बाइंडरच्या मुलीला ते करवेना. वडिलांनी एवढ्या वर्षांत एकही पान उलटं लावलं नव्हतं. आणि शिवाय त्यात ताईला नुसता मनस्ताप झाला असता. थोरलीला मनस्ताप नको होता. तिला हिशेबाला हिशेब हवा होता, तोच, तसाच.

तिची नजर फळ्याकडे गेली. बुधवार दुपारपर्यंत दहा तास.

मग तिने काय केलं ते सरळ सांगायला हवं, कारण ते तिला शोभणारं नव्हतं. एरवी ती शुक्रवारसाठी चार तास राखून ठेवायची. या वेळी तिने नगरपालिकेची जुनी रजिस्टरं काढली, ज्यांना पुढच्या महिन्यापर्यंत कुणी हात लावला नसता तरी चाललं असतं, आणि बुधवारी सहापर्यंत त्यांचे कोपरे शिवत बसली. चौदा. गुरुवारी नऊला आली. मास्तर अकराला हात दाखवायला दवाखान्यात निघाले आणि जाताना म्हणाले, आधी तो प्रबंध शिव. ती हो म्हणाली. मास्तरांशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. दुपारी तीनपर्यंत रजिस्टरंच शिवली, फळ्यावर स्वतःच्या हाताने वीस लिहिले, खाली जाड रेघ ओढली, आणि ताईचे न शिवलेले फर्मे, मास्तरांनी आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवलेल्या कव्हरांसकट, तपकिरी कागदात नीट गुंडाळून तयार मालाच्या फळीवर ठेवून दिले. संध्याकाळी मास्तरांनी ती पुडकी पाहिली आणि निश्चिंत मनाने कुलूप लावलं.

शुक्रवारी पावणेअकराला थोरली दुकानात गेली, पण एप्रन न घालता. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर, हात कोटाच्या खिशात.

ताई अकराच्या ठोक्याला आली. मास्तरांनी डाव्या हाताने पुडकं सोडलं. आत सुटे फर्मे. दुसरं सोडलं, तेच. मास्तरांनी थोरलीकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुझ्या हाती दिलं होतं मी." थोरलीची मान खाली गेली, पण ताईपुढे ती मान लगेच वर आली.

"शिवायचं राहिलं," थोरली म्हणाली. "माझे वीस तास कालच भरले. फळ्यावर आहेत बघ."

ताईला आधी कळलंच नाही. मग ती हसली. मग हसायची थांबली.

"अगं, दोन-तीन तासांचं तर काम आहे. बस आणि शिव. कोण बघतंय?"

"धाकटीलाही तू हेच म्हणाली होतीस."

दुकानात फक्त पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या चाकावर मास्तरांची बोटं वाजत होती. त्यांना मराठी एक अक्षर येत नव्हतं, पण चाळीस वर्षं गिऱ्हाइकं पाहिलेल्या माणसाला भाषा लागत नाही. त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसून राहिले.

ताई आधी गोडीत आली. आपण एका गावच्या, परक्या मुलखात एकमेकींना धरून राहायचं. मग रागावली. मास्तरांना म्हणाली की ही तुमची नोकर आहे, तिला सांगा. मास्तर म्हणाले की तास संपलेल्या विद्यार्थिनीला काम दिलं तर माझं दुकान बंद होईल, आणि हा काही बहाणा नव्हता, कायदाच तसा होता. मग ताई गठ्ठा तिथेच टाकून तरातरा बाहेर पडली. थोरली खुर्चीतून हलली नाही. तिला ठाऊक होतं की शहरातली दुसरी दुकानं प्लास्टिकच्या कड्यांत कागद अडकवून देतात आणि विद्यापीठ ते हातात धरत नाही. या आठवड्याचा एकेक तास तिने याच घटकेसाठी खर्च केला होता, आणि ती घटका तिला गुळासारखी गोड लागत होती. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पाऊण तासाने ताई परत आली. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. पावणेबारा वाजले होते.

"काय हवंय तुला?" तिने विचारलं.

थोरलीने उत्तर दहा महिने तयार ठेवलं होतं.

"मी सुईला हात लावणार नाही. तू शिवायचं. कसं ते मी सांगेन, तोंड चालवायला तास लागत नाहीत. पण आधी मावशीला फोन लाव. स्पीकरवर. तू काय केलंस ते तिला तुझ्या तोंडाने सांग."

"तुला कळतंय का तू काय मागतेयस? माझे बाबा—"

"मग नको लावू. नियम म्हणजे नियम."

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, फर्म्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि फोन काढला. तिकडे संध्याकाळ असणार, मावशी दिवा लावून भाजी निवडत असणार. तिसऱ्या घंटीला मावशीने उचलला. ताईचा आवाज ऐकून तिचा स्वर एकदम अदबीचा झाला, प्राचार्यांच्या घरचा फोन आला की व्हायचा तसा. बरी आहेस ना बाळ, जेवणखाण नीट होतं ना. ताईने डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. की धाकटीच्या तासांची तक्रार तिने केली होती. फ्रिजवरचा फोटो तिने काढला होता. सुट्टीत चालतं हेही तिनेच सांगितलं होतं. धाकटीची काही चूक नव्हती.

थोरली पुढे वाकून ऐकत होती. आता मावशी रडेल, ओरडेल, तळतळाट देईल. दहा महिने ती या आवाजाची वाट पाहत होती.

मावशी हळू आवाजात म्हणाली, "ठाऊक आहे गं बाळ. तिने आल्या दिवशीच सांगितलं आम्हाला. आम्हीच म्हटलं, गप्प बस, कुठे बोलू नकोस. ह्यांची अजून चार वर्षं आहेत सरांच्या हाताखाली. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि सरांना काही कळवू नकोस हं, त्यांना उगाच वाटेल की आम्ही तक्रार केली. तुझं शिक्षण झालं का पुरं? वेळेवर जेवत जा."

फोन बंद झाला.

ताई खुर्चीत बसली आणि तिने थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा भाव नव्हता, पण सुटल्याचा नक्की होता. आणि तोच थोरलीला झोंबला. घराचं ओझं धाकटी एकटी वाहत होती, आणि ज्यांनी उचलायचं त्यांनीच ते तिच्या डोक्यावर नीट बसवून दिलं होतं. शपथ आईला सोसण्याबद्दल नव्हतीच, वडिलांच्या कारकुनीबद्दल होती. थोरलीला मावशीचा राग आला, काकांचा आला, आपल्या आईचाही आला, कारण तिला हे माहीत नसेल असं होणं शक्य नव्हतं. पण ती सगळी माणसं लांब होती. हाताशी ताईच होती.

"सुई घे," थोरली म्हणाली. "दोऱ्याला मेण लाव. एवढा लांब नाही, हातभरच."

दिलेला शब्द तिने पाळला, पण गोडीने नाही. पहिला फर्मा उघड, मधोमध धर, दाभणाने पाच भोकं. आतून बाहेर, बाहेरून आत. ओढ. ओढताना कागदाच्या दिशेने ओढ, वर नको, फाटेल. फाटला. परत घे. मास्तर स्टूल सरकवून जवळ बसले आणि डाव्या हाताने फर्मे दाबून धरू लागले. ताईच्या बोटात सुई दोनदा शिरली. तिसऱ्यांदा रक्ताचा ठिपका एका तक्त्याच्या कोपऱ्यावर पडला आणि ती पुसायला गेली तसा पसरला. थोरली म्हणाली, राहू दे, वाळेल. अकरा हजार बिया ज्या बोटांनी मोजल्या म्हणून छापलं होतं त्या बोटांना साधी गाठ मारता येत नव्हती, आणि थोरलीने हे तिला दोनदा बोलून दाखवलं. पहिली प्रत शिवायला पन्नास मिनिटं लागली. दुसरीला चाळीस. चौथी प्रत अडीच वाजता पुरी झाली. चारही पाठी एका बाजूला कलल्या होत्या, भार सोसत नसलेल्या माणसासारख्या.

"आता पाठीला गोंद. आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे शिवण हलत नाही. वर कापड येतं, ती कुणाला दिसत नाही."

मास्तरांनी रद्दीच्या खोक्याकडे हात केला. पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दीच लागते, जगभरचे बाइंडर तेच करतात. थोरलीचे वडील कोर्टाच्या दप्तरांना जुन्या पंचांगांची पानं लावायचे आणि म्हणायचे, पुस्तक कुणाच्याही नावाचं असो, पाठीत कोण आहे ते बाइंडरलाच माहीत. थोरलीने खोक्याकडे पाहिलंही नाही. तिने मांडीवरची पिशवी उघडली, चळतीतले वरचे चार कागद काढले आणि टेबलावर ठेवले.

"यांच्या वरच्या कडेची चार बोटं रुंद पट्टी काप. अक्षरं बाहेरच्या अंगाला ठेव."

ताईने कात्री उचलली आणि थांबली. वरच्या कडेला गोल, थोड्या डावीकडे झुकलेल्या अक्षरांत धाकटीचं पूर्ण नाव होतं, तारीख होती, सही होती. चारही कागदांवर. ताईने ते अक्षर नऊ महिने रोज पाहिलं होतं.

"हे कागद नको," ती म्हणाली. "रद्दी आहे ना तिथे."

"ही पण रद्दीच. तूच टाकायला काढली होतीस."

"कशाला करतेस गं असं? मी फोन केला ना? त्यांना ठाऊकच होतं, ऐकलंस ना तू? त्यांचंच काही म्हणणं नाही."

"त्यांचं नाही. माझं आहे."

घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गोंद धरायला अर्धा तास, परीक्षा विभागापर्यंत चालत वीस मिनिटं. ताईने उठून जावं, कागद भिरकावून द्यावेत, असं थोरलीला क्षणभर वाटलं. तसं झालं असतं तर तिला ताईबद्दल थोडा तरी आदर वाटला असता. ताईने कागद कापले. एकेक पट्टी पाठीवर ठेवली, हाडाच्या पट्टीने वरून खालपर्यंत दाबली, वळ्या काढल्या. दाबताना तिचा अंगठा चार वेळा धाकटीच्या नावावरून गेला. मग मास्तरांनी डाव्या हाताने कव्हरं चढवली आणि शिकंज्याचं चाक फिरवलं.

सव्वातीनला ताई चार प्रती छातीशी धरून निघाली. तिचा डावा अंगठा तोंडात होता.

मास्तर टेबल आवरू लागले. थोरली उठली आणि मदतीला हात पुढे केला तसे ते म्हणाले, तुझे तास संपलेत. तिने हात मागे घेतला. मास्तरांनी दोऱ्याचे तुकडे गोळा केले, दाभण जागेवर ठेवला आणि मग म्हणाले, "माझ्या दुकानातून आजवर इतकं वाकडं काम गेलं नव्हतं. ते ग्रंथालयात राहील. माझ्या शिक्क्यासकट." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. सोमवारी ये, असं ते म्हणाले नाहीत. येऊ नकोस, असंही म्हणाले नाहीत. फळ्यावरचे वीस तास तसेच ठेवून ते आत गेले.

ती गल्लीत आली तोच फोन वाजला. धाकटी होती, धाप लागलेली.

"गच्चीवर आलेय. आई खाली काकांशी भांडतेय, म्हणजे बाबांशी, बघ मला बोलता पण येत नाहीये. ताईने खरंच फोन केला? तू करायला लावलास?"

"हो. तू मला सांगितलं का नाहीस की त्यांना माहीत आहे?"

धाकटी म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तूही म्हणाली असतीस, जाऊ दे. एकजण तरी चिडलेलं हवं होतं मला."

थोरली चालता चालता थांबली. रस्त्यापलीकडच्या धोब्याच्या दुकानात यंत्रांत कपडे गरगर फिरत होते.

"ती रडली का?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"थोडीसुद्धा नाही?"

"बोटात सुई गेली तीनदा. रक्त आलं. चारही प्रती वाकड्या झाल्यात. पण वेळेत पोहोचली असेल. डॉक्टर होईल ती."

"होऊ दे," धाकटी म्हणाली, आणि तिला ते अजिबात होऊ द्यायचं नव्हतं हे आवाजातच कळत होतं. मग तिने विचारलं, "माझं नाव घातलंय का गं तिने? पहिल्या पानावर आभार असतात ना, तिथे?"

"तिथे मांजर आहे."

"मांजर?"

"शेजारणीची. पण तुझं नाव आहे. चारही प्रतींत आहे. पाठीत, कापडाच्या आत, तुझ्या हातचं, सहीसकट. तिनेच चिकटवलंय. आता काढायचं म्हटलं तर पुस्तक फाडावं लागेल."

पलीकडून आवाज आला तो आधी रडण्याचा वाटला. मग थोरलीला कळलं की धाकटी हसतेय, दहा महिन्यांत पहिल्यांदा, तोंडावर हात दाबून, खाली आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पहिल्यापासून सांग," धाकटी म्हणाली. "ती दुकानात आली तिथपासून. काही गाळू नकोस."

थोरली धोब्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि सांगू लागली.